बारदानात शिवलेला रूळ

मित्रांनो, मी एक जुना रूळ आहे. पण मला जमिनीवर शोधू नका, तिथं सापडणार नाही. मी उभा आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, स्टेशनापासून जरा आडबाजूला एक लांबलचक शेड आहे, त्याचा मी खांब आहे. आणि आधीच सांगून ठेवतो, मी संशयी आहे. कुणी जवळ आलं की मी चेहऱ्याकडं बघत नाही, पहिल्यांदा हाताकडं बघतो. हातात मोजायचा टेप दिसला की मी सावध होतो. असा स्वभाव काही उगाच होत नाही. सगळं ऐका, मग मला नावं ठेवा.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. लालभडक लोखंड लाटून मला लांब केलं आणि माझ्या पोटावर सालाचे इंग्रजी आकडे उठवले, १८९६. माणसं वय लपवतात, आम्हाला ती सोय नाही. मग बोटीतून इकडं आणलं आणि एका घाटातल्या वळणावर मला अंथरलं. गाड्या यायच्या, माझ्या डोक्यावरून जायच्या, आणि वळणावर सगळा भार एकाच अंगाला पडायचा. त्यामुळं माझं डोकं, म्हणजे चाकं धावतात ती लांब कड, एका बाजूनं पार झिजलं. एक दिवस मुकादम टेप घेऊन आला, माझं डोकं मोजलं आणि म्हणाला, "झालं याचं. आता आराम करू दे." आराम म्हणजे काय, तर यार्डातल्या गवतात फेकून दिलं. टेपाची आणि माझी ती पहिली ओळख.

मग दुसरं मोठं युद्ध लागलं. नवं लोखंड सगळं तोफांना आणि रणगाड्यांना जायला लागलं, खिळासुद्धा मिळेना. लष्कराला तर इथं माल उतरवायला शेड हवं होतं, आणि तेही लगेच. तेव्हा कुणाला तरी गवतातले आम्ही आठवलो. गरज पडली की आठवण येते, हे मी तेव्हाच ओळखलं. आम्हाला मालगाडीच्या वाघिणीत घालून इथं आणलं, एका बाजूनं कापून सारखं केलं आणि खड्ड्यात उभं केलं. ज्यानं जन्मभर आडवं पडून काम केलं त्याला एकदम उभं केलं तर त्याचं काय होईल, याचा विचार तुम्हीच करा. माझे तर सुरुवातीचे दिवस नुसते भोवळीत गेले.

याह्या मिस्त्री नावाचा गवंडी होता. लष्कराचा साहेब मागून घाई करायचा, पण हा पठ्ठ्या ओळंबा धरल्याशिवाय खड्ड्यात एक दगड टाकू देत नसे. "साब, जंग का काम है, मालूम है," तो म्हणायचा, "मगर टेढ़ा नै चलेगा." त्यानं काळा दगड आणि चुना माझ्या पायाशी असा ठासून भरला की मी आजतागायत हललो नाही. खाली कमरेएवढी दगडी भिंत, मध्ये आम्ही रूळ, वर पन्हळी पत्रे. असं आमचं शेड उभं राहिलं.

रात्री दिवा लावायची तिथं सक्त मनाई होती. वरून विमानाला दिसलं तर, ही भीती. हमाल बिचारे पाठीवर पोती घेऊन काळोखात चालायचे आणि आमच्यावर आपटायचे. कित्येकांची कपाळं फुटली. शेवटी लष्कराचा एक रंगारी आला आणि प्रत्येक खांबावर, माणसाच्या छातीपासून डोक्यापर्यंत, त्यानं जाड पांढरे पट्टे मारले. काळोखात ते पट्टे दिसायचे आणि माणसं वळसा घालून जायची. एक हमाल तर जाता जाता माझ्या पट्ट्यावर हात फिरवायचा. मला ते फार आवडायचं.

हे पट्टे लक्षात ठेवा. सगळं रामायण पुढं त्यांच्यावरूनच झालं.

युद्ध संपलं आणि लष्कर निघून गेलं. जाताना कुणी सांगितलं नाही, निरोप घेतला नाही. शेडमध्ये कधी सरकी पडायची, कधी गुळाच्या ढेपी. मग बहात्तरचा दुष्काळ आला. गाड्या भरभरून धान्य यायला लागलं, तांबडी ज्वारी, पोतीच पोती. पोती फाटायची, ज्वारी सांडायची, म्हणून ती शिवायला बायका बसवल्या. त्यात दोघी जावा होत्या, आवडाबाई आणि सरूबाई. फुलंब्रीकडच्या गावातून खडी फोडायला म्हणून आलेल्या. सरूबाई तेव्हा अगदीच पोरसवदा होती. एका हातात दाभण, एका हातात सुतळी, आणि पाठ माझ्या पोटाला टेकलेली. दुष्काळ सरला, बाकीच्या बायका गावी गेल्या. या दोघींच्या विहिरीला काही पाणी लागलं नाही. त्या इथंच राहिल्या आणि मोंढ्याच्या बाजारातून फाटकं बारदान आणून शिवायला लागल्या. हळूहळू आणखी बायका जमल्या. शेड धान्याचं राहिलं नाही, सुयांचं झालं.

शहर वाढत गेलं. कारखाने आले, वसाहती आल्या, क्रांती चौकात रस्ता ओलांडणं मुश्कील झालं. छोट्या रुळांची लाइन उखडून मोठ्या रुळांची टाकली, आणि आमच्या शेडपर्यंत येणारा फाटा कायमचा बंद पडला. मग भंगारवाले फिरायला लागले. आधी टेप घेऊन यायचे, "नुसतं बघतोय मावशी" म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी काहीतरी गायब असायचं. माझ्या शेजारचा खांब असाच गेला. सकाळी बायका आल्या तर तिथं नुसता बुंधा आणि पत्रा एका अंगाला लोंबतोय. त्या संध्याकाळी आवडाबाई म्हणाली, "सरू, लोखंड दिसतं म्हणून नेत्यात. दिसलंच नाय तर काय नेतील?"

आणि मित्रांनो, त्या बायकांनी आम्हाला चक्क कपडे शिवले. जाड बारदान खालपासून वरपर्यंत गुंडाळलं आणि दुहेरी सुतळीनं असं घट्ट शिवलं की लांबून बघणाऱ्याला लाकडी मेढी वाटाव्यात. कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं. "उन्हानं लोखंड तापतं, पाठ भाजती आमची." ते निम्मं खरंच होतं.

पण शिवताना आवडाबाईचं लक्ष पांढऱ्या पट्ट्यांकडं गेलं. रस्त्याकडेची झाडं तोडायच्या आधी त्यांच्यावर असेच पट्टे मारलेले तिनं पाहिले होते. घरं पाडायच्या आधी भिंतींवर खुणा करतात, तेही पाहिलं होतं. तिनं सरूबाईला जवळ ओढलं आणि हळूच म्हणाली, "हे तोडायचे पट्टे हायेत. कुणीतरी कवाच खूण करून ठिवलीय. झाक आधी. अन् कुणाला दावू नगंस, मी मेले तरी."

म्हणजे बघा. ज्या पट्ट्यांनी हमालांची डोकी वाचवली, त्यांनाच या बायका मरणाची चिठ्ठी समजल्या. मी ओरडून सांगितलं असतं, पण रुळाला तोंड कुठलं. पुढं आवडाबाई गेली. सरूबाईनं मात्र तिचा शब्द पाळला. बारदान विरलं की ती नवं चढवायची, पण जुनं काढायची नाही. वरच्या वर शिवायची, म्हणजे पट्टे कधी उघडे पडायला नकोत.

त्यानंतर पुन्हा दुष्काळाची सालं आली. शेडच्या अंगणात टँकर उभे राहायचे आणि घागरींची रांग पार रस्त्यापर्यंत जायची. अशाच एका उन्हाळ्यात बातमी आली की बिडकीनकडच्या नव्या कारखान्यांसाठी रस्ता रुंद करायचाय, आणि आमचं शेड बरोबर त्याच्या वाटेत येतंय. एक माणूस येऊन दगडी भिंतीवर लाल रंगानं फुली मारून गेला. सरूबाईनं दिवसभर वीट घासून ती फुली काढली. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा मारली. सरूबाईच्या हाताशी आता सात-आठ बायका होत्या. शेड गेलं तर एवढं बारदान घेऊन बसणार कुठं, हा प्रश्न रोज जेवताना निघायचा आणि तसाच राहायचा.

त्यात एक दिवस एक मुलगी आली. पाठीवर पिशवी, गळ्यात कॅमेरा आणि हातात टेप. मी मनात म्हटलं, आली बाई आणखी एक. तिचं नाव शाइस्ता. शहागंजाकडची राहणारी, जुन्या इमारतींची मापं घेऊन त्यांचे नकाशे काढायचं तिचं काम. युद्धाच्या काळात लष्करानं रेल्वेसाठी जे बांधकाम केलं त्याची नोंद करायला काही मंडळी निघाली होती, त्यात ती होती. त्या नोंदीत जी इमारत बसेल ती पाडायची नाही, रस्त्यानं तिला वळसा घालायचा, असं ठरलं होतं. शाइस्तानं हे सगळं सरूबाईला नीट समजावून सांगितलं.

सरूबाईनं दाभण थांबवलं नाही. "वाचवायला आलीस व्हय? मागचा बी नुसतं बघतोय म्हणत व्हता. दुसऱ्या दिवशी खांब गेला."

"मावशी, मी काही नेत नाही. फक्त मोजते."

"मोजूनच नेत्यात."

माझं आणि सरूबाईचं मत एवढं तंतोतंत जुळलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. शाइस्तानं पाण्याची बाटली पुढं केली. तहानेनं सरूबाईच्या ओठांना चिरा पडल्या होत्या, पण तिनं बाटलीकडं पाहिलंसुद्धा नाही. "आज पाणी पाजशील, उद्या अंगठा मागशील," ती म्हणाली.

शाइस्ता मात्र रोज यायची. भिंतीचे दगड मोजायची, पत्र्यांच्या पन्हळी मोजायची, उन्हात बसून चित्र काढायची. खांबांना हात लावू लागली की सरूबाई उठून आडवी उभी राहायची. "हे शिवलेलं उसवायचं नाय. बाकी काय मोजायचं ते मोज." पोरीनं तेही ऐकलं. बारदान नुसतं बारदान म्हणून चितारत बसली, सुतळीच्या टाक्यासकट. मला वाटलं, हिचा काहीतरी डाव आहे. इतकं गोड कुणी असतं का?

मग तिचे मोठे साहेब आले, मधुसूदन सर. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. माझ्या अंगावरचं बारदान एका ठिकाणी उंदरानं कुरतडलेलं होतं. सरांनी तिथं वाकून पाहिलं, बोट घातलं आणि माझ्या पोटावरचे आकडे वाचले. "अठराशे शहाण्णव," ते म्हणाले आणि कपडे झटकत उठले. "शाइस्ता, हे आपलं नाही. भंगारातला रूळ आहे हा. कुणा व्यापाऱ्यानं नंतर स्वस्तात आणून टेकू लावलेत. ऐन युद्धात सरकारी लष्कर भंगार वापरेल का? काढून टाक हे यादीतून."

"सर, पण युद्धात तर नवं लोखंडच मिळत नव्हतं," शाइस्ता म्हणाली. "जुनं आहे म्हणूनच ते युद्धाचं असेल."

"असेल यावर नोंद होत नाही. पुरावा दाखव."

मित्रांनो, तेव्हा मला जे वाटलं ते कुणालाही वाटू नये. माझंच जन्मसाल त्या शेडच्या जिवावर उठलं होतं. आणि पुरावा माझ्या अंगावर होता, बारदानाच्या तीन थरांखाली. ज्या बाईनं जिवापाड जपून तो झाकला तीच त्याला सगळ्यात जास्त घाबरत होती.

दोन-चार दिवसांनी शाइस्ता पुन्हा आली. या वेळी पिशवी नव्हती. टेप आणि कॅमेरा सवयीनं आणलेले, पण तिनं त्यांना हात लावला नाही. ती सरूबाईसमोर खाली बसली. "मावशी, आपलं शेड यादीत नाही बसलं. पुढच्या हप्त्यात मशीन येणार. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मी सांगावं म्हणून आले. मुझसे नै हो सका."

बायकांच्या सुया थांबल्या. सरूबाई रडली नाही. ती उठली, पदर खोचला, कोपऱ्यातला विळा घेतला आणि सरळ माझ्याकडं आली.

"काय करताय?" शाइस्तानं विचारलं.

"शेड जातंय ना? जाऊ दे. पर बारदान माझं हाय. माझ्या हातचं हाय. ते मी मशीनखाली घालणार नाय."

आणि तिनं टाके कापायला सुरुवात केली. कुणाच्या सांगण्यावरून नाही, कुणावर विश्वास बसला म्हणूनही नाही. आपली शिवण वाया जाऊ नये एवढ्यासाठी. वरचा थर गळाला, मग मधला, मग आवडाबाईच्या हातचा सगळ्यात आतला, काळा पडलेला. इतक्या वर्षांनी माझ्या अंगाला वारा लागला.

पट्टे जसेच्या तसे होते. ना ऊन लागलं होतं ना पाऊस. रंगाऱ्याच्या कुंचल्याचे केससुद्धा उमटलेले दिसत होते. रागाच्या भरात सरूबाई त्यांना विसरली होती. दिसले तशी ती दचकली आणि झटकन माझ्याकडं पाठ करून, दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"ते काय नाय. तू जा आता."

शाइस्ता जागची उठली. "मावशी, जरा हटो. मला बघू द्या."

"नाय. फोटू काढशील अन् सायबाला दावशील. आधीच खुणा केल्यात म्हणशील."

"कशाच्या खुणा?"

"तोडायच्या." सरूबाईनं पसरलेले हात आणखी ताणले. "आवडाबाईनं वळखलं व्हतं. मरस्तोवर झाकून ठिवलं तिनं. मी बी ठिवलं."

शाइस्तानं गळ्यातला कॅमेरा काढला, खिशातला टेप काढला आणि दोन्ही सरूबाईच्या पसरलेल्या हातात दिले. "हे तुमच्याकडं ठेवा. मी नुसत्या डोळ्यांनी बघते. मग तुम्ही म्हणाल तर जाते."

सरूबाईनं हातातल्या टेपाकडं पाहिलं. मीही पाहिलं. खरं सांगतो, टेप खाली ठेवणारं माणूस माझ्या उभ्या आयुष्यात मी पहिल्यांदा पाहत होतो. सरूबाई एक पाऊल बाजूला सरकली. फार नाही, एकच.

शाइस्ता जवळ आली. तिनं पट्ट्याला हात लावला, अगदी त्या हमालासारखा हात फिरवला. मग माझं झिजलेलं डोकं चाचपलं. नंतर खाली बसली आणि हसू लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"मावशी, हे तोडायचे पट्टे नाहीत. युद्धात रात्री दिवे लावत नव्हते. काळोखात माणसांचं डोकं आपटू नये म्हणून लष्करवाले खांबांवर हे पट्टे मारायचे. मी दुसऱ्या गावच्या शेडात पुसट झालेले पाहिलेत, पण असे कोरे कुठंच नाही. झिजलेला रूळ आणि त्यावर हे पट्टे. सरांना हाच पुरावा पाहिजे होता."

सरूबाईनं दोनदा विचारलं, "वाचवायचे पट्टे? वाचवायचे?" मग ती माझ्या पायाशी बसली. "आगं माझे आवडाबाई," एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं पदराआडूनच तिनं हात पुढं केला. "आण ती बाटली. घसा सुकला माझा."

त्या दिवशी बायकांनी सगळ्या खांबांवर पट्ट्यांपुरतं बारदान उसवलं. प्रत्येकावर तेच पट्टे, एकाच उंचीवर. दुसऱ्या दिवशी मधुसूदन सर आले, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "माझी चूक झाली." एवढ्या लवकर चूक कबूल करणारा साहेबही मी पहिल्यांदाच पाहिला. शेड यादीत बसलं. रस्त्यानं वळसा घेतला.

पण गोष्ट इथं संपली असती तर मी संशयी कशाला राहिलो असतो? पाहणीला एक अधिकारी आले. त्यांनी सगळं पाहिलं, मान डोलावली आणि रुमालानं नाक झाकत म्हणाले, "छान. आता हे घाणेरडं बारदान काढून टाका, या बायकांना बाहेर काढा आणि दाराला कुलूप लावा." सरूबाईनं शाइस्ताकडं पाहिलं. ती नजर मला चांगली ओळखीची होती. म्हणलं व्हतं ना, असं म्हणणारी.

शाइस्तानं आपल्या नकाशाचा मोठा कागद अधिकाऱ्यांपुढं उलगडला. त्यात दगड होते, पत्रे होते, रूळ होते. आणि प्रत्येक रुळावर बारदान काढलेलं होतं, टाक्यासकट. खाली शिवणाऱ्यांची नावं होती, पहिलं आवडाबाईचं.

"सर, दुसरीकडचे पट्टे उन्हापावसानं गेले," ती म्हणाली. "इथले या बारदानानं राखले. ते काढलं तर दोन पावसाळ्यांत पट्टे जातील. म्हणून बारदान हा या बांधकामाचा भाग आहे. ते विरतं, सारखं नवं शिवावं लागतं. आणि ते शिवणाऱ्या याच."

अधिकाऱ्यांनी ती नावं वाचली, मग नाकावरचा रुमाल काढला आणि खिशात ठेवला. कुलूप लागलं नाही.

मित्रांनो, मी आजही तिथं उभा आहे आणि माझ्या अंगावर नवं बारदान आहे. सरूबाईला आता दाभणात सुतळी ओवता येत नाही, दुसरी कुणीतरी ओवून देते, पण टाका अजून तिचाच. पट्ट्यांवर तिनं बारदानाची एक झडप शिवलीय, वर पक्की आणि खाली सुतळीच्या गाठीनं बांधलेली. ज्याला बघायचं त्यानं गाठ सोडावी आणि झडप उचलावी.

तुम्हीही या. टेप घेऊन आलात तर मी थोडा कावराबावरा होईन, ते मनावर घेऊ नका. जुन्या वस्तूवरचा नुसता आकडा वाचून निघून जाऊ नका, ती कुठं झिजली तेही बघा. आणि तिला जपणारं माणूस तुमच्यावर खेकसलं, तर त्याच्याजवळ थोडं बसा. माझं मागणं मात्र एकच आहे. बघून झालं की गाठ परत बांधा. सरूबाई कोपऱ्यातून तुमच्या हाताकडं बघत असते, आणि मीही.